गल्ल्यातली गोळी

जळगावच्या फुले मार्केटमधील असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरील, कोणत्याही कापड दुकानाचा गल्ला उघडून पाहावा. सुटी नाणी, सुरतेच्या मालाच्या बिल्ट्या, उधारीच्या चिठ्ठ्या आणि कोपऱ्यात दुखण्याच्या गोळ्यांचे अर्धे संपलेले पाकीट. हमालाने कंबर धरली, सेल्समनची दाढ दुखली, मुनीमजींची मान आखडली की त्यातली एक गोळी फोडून द्यायची, वर चहा पाजायचा आणि कामाला लावायचे. आम्ही ही रीत पंचवीसएक वर्षे पाळली व तिला मेहरबानी समजत आलो. एका लग्नसराईत ही मेहरबानी आमच्याच एका माणसाच्या जिवावर उठली. म्हणून व्यापाराच्या या पानावर आज भाव, कर आणि उधारी सोडून गोळीविषयी लिहीत आहोत.

आमच्याकडे गाठी उतरवणारे एक चाचा आहेत. वय ६० च्या पुढे. दुकान लहान होते तेव्हापासूनचा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयाचा त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. हे आम्हाला माहीत होते. सीझनमध्ये त्यांचा गुडघा सुजला. माल रोज येत होता, माणूस दुसरा मिळत नव्हता. आम्ही गल्ल्यातून डायक्लोफेनॅकची गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. गुडघा हलका झाला, चाचा खूश, आम्हीही खूश. दहा-बारा दिवस असे चालले. मध्ये ते एकदा म्हणाले, "सेठ, पेट में जलन होती." आम्ही सोड्याची बाटली मागवली.

तेराव्या दिवशी जिन्यावर डोक्यावरचा ताका घेऊन ते खाली बसले. अंगाला घाम, हात थंडगार, चेहरा कोऱ्या लठ्ठ्यासारखा पांढरा. आम्हाला वाटले, पुन्हा हृदयाचाच झटका. दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनी हळूच सांगितले, "दो दिन से काला हो रा, शरम से बोला नहीं." रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६ च्याही खाली. मोहल्ल्यातली चार मुले धावत आली व त्यांनी रक्त दिले. तोंडातून दुर्बीण घातली तेव्हा जठरात व्रण दिसला आणि त्यातून रक्त झिरपत होते. दुर्बिणीतूनच क्लिप लावून ते थांबवले गेले.

डॉक्टरसाहेबांनी विचारले, कोणकोणत्या गोळ्या चालू होत्या? चाचांच्या मुलाने हृदयाच्या औषधाचा कागद पुढे केला. दुसऱ्या गोळीची त्या बिचाऱ्याला खबरच नव्हती. खबर फक्त आम्हाला होती. आम्ही तिथेच उभे होतो आणि काही क्षण आमच्या तोंडून शब्द फुटेना. मग सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी केसपेपरवर नोंद केली आणि म्हणाले, असे रुग्ण आम्हाला नवे नाहीत. खरे सांगतो, ते रागावले असते तर आम्हाला बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही या विषयाची विचारपूस केली. जाणकारांकडून जे समजले ते आमच्या बाजारी भाषेत मांडतो. जठरात अन्न पचवणारे तीव्र आम्ल असते. जठराचे स्वतःचे अस्तर त्याने जळत नाही, कारण त्यावर एक बुळबुळीत थर असतो. हा थर टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य करते. गंमत अशी की सुजलेल्या गुडघ्यात वेदना वाढवणारे द्रव्यही याच जातीचे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड, पिरॉक्सिकॅम या सूज उतरवणाऱ्या गोळ्या हे द्रव्य तयार होणेच कमी करतात. गुडघा सुखावतो आणि जठराचा पहारेकरी सुटीवर जातो. त्यात ॲस्पिरिनची भर पडली की रक्त गोठवणारे बारीक कण, म्हणजे प्लेटलेट्स, निकामी होतात. ते सात ते दहा दिवस, जुने कण जाऊन नवे येईपर्यंत, पूर्ववत होत नाहीत. एकीकडे भिंतीला भगदाड आणि दुसरीकडे ते बुजवणारा गवंडीही गैरहजर, अशी ही अवस्था.

हे ज्ञान काही नवे नाही. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आले. १९३८ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील दोन डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून पाहिले आणि ॲस्पिरिनने अस्तर लाल होते, त्याला इजा होते, हे लिहून ठेवले. १९७१ साली जॉन व्हेन यांनी वर सांगितलेला प्रोस्टाग्लँडिनचा हिशेब उलगडला व १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून २०१३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात या औषधांच्या मोठ्या मात्रा सातत्याने घेणाऱ्यांत जठर व वरच्या आतड्याच्या गंभीर तक्रारी दोन ते चार पट आढळल्या, आणि त्यांत बहुतेक रक्तस्रावच होते. म्हणजे विलायतेत हे ऐंशीहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या बाजारात मात्र आजही 'गोळी गरम पडली' एवढ्यावर विषय संपतो.

गोळी वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. दाढ काढल्यावर, हाड मोडल्यावर, संधिवाताच्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने ती मोठाच आराम देते. तरुण, निरोगी माणसाने दोन दिवस घेतली तर बहुधा काही होत नाही. आणि म्हणूनच फसगत होते. आपण म्हणतो, "मी तर नेहमी घेतो, मला कुठे काय झाले?" पण पन्नास वर्षांच्या व्यापाऱ्याला जे पचले ते पासष्ट वर्षांच्या हमालाला पचेलच असे नाही. ज्याला पूर्वी अल्सर होता, जो ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन, ॲसिट्रोमसारखे रक्त पातळ करणारे औषध घेतो, ज्याला दम्यासाठी वा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू आहे, जो दारू पितो, त्या प्रत्येकाला धोका वाढतो. आणि यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असल्या तर विचारूच नये. आमच्या चाचांमध्ये वय आणि ॲस्पिरिन या दोन होत्या. तिसरी आम्ही घातली.

जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही व्रण करतो. ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरेन यांनी तो शोधला व त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात हा जंतू पुष्कळांच्या पोटात असतो. त्याची तपासणी होते व साधारण दोन आठवड्यांच्या औषधांनी तो जातो. ज्याला वर्षानुवर्षे दुखण्याची गोळी घ्यावीच लागणार आहे, त्याने डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे.

या जखमेचा मोठा दगा असा की ती पुष्कळदा दुखतच नाही. गोळी वेदनेचीच आहे, ती पोटाची वेदनाही झाकते. पहिली खबर मिळते ती थेट रक्ताची. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच; कॉफीच्या गाळासारखी उलटी; उभे राहताच चक्कर; थोड्या चालण्याने धाप. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे खरे. पण दुखण्याची गोळी चालू असताना काळी शौच दिसली तर तर्क लढवत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शरमेपोटी चाचांनी दोन दिवस घालवले. आपल्या घरातल्या आया-बहिणी तर दोन आठवडे घालवतील. घरोघरी शिलाई मशीनवर वाकून त्यांच्या पाठी गेलेल्या आहेत आणि त्यांच्या पदराच्या गाठीतही हीच गोळी आहे. त्यांना हे कोण सांगणार?

बाजारात तीन गैरसमज पक्के बसलेले आहेत. पहिला असा की, जेवून गोळी घेतली की झाले. जेवणाने जळजळ कमी होते, पण गोळी नुसती अस्तराला चिकटून इजा करत नाही, ती रक्तातून फिरून पहारेकरी हटवते. म्हणून भरल्या पोटीही धोका राहतोच. त्याच कारणाने दुसराही समज खोटा ठरतो, की सुई घेतली म्हणजे पोट वाचले. सुईतले औषधही रक्तातच जाते. धुळ्यात, मालेगावात लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे कारागीर रात्री पन्नास रुपयांची सुई टोचून घेतात व पोट वाचवल्याचे समाधान मानतात. तिसरा समज गॅसच्या गोळीचा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी औषधे सोबत घेतली तर जठराचे रक्षण बऱ्याच अंशी होते, डॉक्टर त्यासाठीच ती लिहून देतात. पण खालच्या आतड्याचे रक्षण त्यांनी होत नाही, आणि किडनीचे तर मुळीच नाही.

किडनीवरून रमजान आठवला. शेवटच्या दहा दिवसांत आपले टेलर रात्रभर मशीनवर असतात. सहरीला एक गोळी, इफ्तारला दुसरी, आणि मध्ये एप्रिल-मेचा रमजान असला तर खानदेशचे ४३-४४ डिग्रीचे ऊन व पाण्याचा थेंब नाही. पाणी घटलेल्या शरीरात या गोळ्या किडनीवरही घाव घालतात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, हे आपण प्रवचनात ऐकतो आणि दुकानात विसरतो. ज्याला दिवसातून दोन गोळ्यांशिवाय बसवत नाही, तो आजारीच आहे. त्याने आपल्या डॉक्टरांना आणि आपल्या मौलाना साहेबांना, दोघांनाही विचारावे. कारखानदाराने त्याच्या हातात ईदची ऑर्डर आणि गोळी एकदमच ठेवू नये.

आता धंद्याची गोष्ट. सुरतेचा एकच माल दोन छाप लावून दोन भावांत विकला जातो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. आपण बोटांनी पोत ओळखतो. गोळ्यांचेही तेच आहे. एका दुकानातून एका नावाची गोळी, दुसऱ्यातून दुसऱ्या नावाची. आत दोन्हींत डायक्लोफेनॅकच. माणूस समजतो दोन वेगळी औषधे घेतो आहे. आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. त्यात मिश्रणांचा बाजार आहे. एका गोळीत दोन-तीन औषधे कोंबायची आणि तिला झोकदार नाव द्यायचे. केंद्र सरकारने २०१६ साली अशी ३४४ मिश्रणे बंद केली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. या दुसऱ्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही गोळीही होती. गुडघ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या देशी पुड्यांचे तर विचारूच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याचे हेच औषध मिसळलेले अनेकदा सापडले आहे. पुडीने चमत्कारासारखा गुण आला तर शंका घ्यावी.

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातले. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे आम्ही आयुष्यभर वाचलीच नाहीत. चाचा दवाखान्यात असताना नातीला बसवून गल्ल्यातले पाकीट वाचून घेतले. बाजूने एक उभी लाल रेघ होती आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे, अशी ताकीद होती. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड ही औषधे शेड्यूल एचमध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकणे १९४५ च्या नियमांनी मना आहे. आम्ही ती चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, दहा-दहा पाकिटे एकदम आणत होतो. माल उतरवणाऱ्याला देत होतो तेव्हा आम्ही डॉक्टरही होतो आणि केमिस्टही.

केमिस्ट बंधूंवर सगळा दोष टाकणे सोपे आहे, पण इमानाने सांगायचे तर २०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी चिठ्ठी, बिल आणि दुकानात फार्मासिस्टची हजेरी, या तीन गोष्टींवर बोट ठेवले. राज्यभर केमिस्टांनी निषेध केला, दुकाने बंद ठेवली. तेव्हा आम्हीही चहाच्या टपरीवर बसून केमिस्टांचीच बाजू घेतली होती. म्हणालो होतो, सरकार व्यापाऱ्याला जगू देत नाही. फार्मासिस्ट कोणत्या कामासाठी बसवायचा असतो, हे तेव्हा आमच्या ध्यानातच आले नाही. तो असता आणि त्याने एकच प्रश्न विचारला असता, "गोळी कोणासाठी? त्यांना दुसरे कोणते औषध चालू आहे?", तर आमच्या चाचांचे रक्त सांडले नसते. केमिस्ट म्हणतो, मी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारी जाते. हा सवाल प्रत्येक व्यापाऱ्यापुढे असतो. हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? तिथल्या विक्रेत्यालाही शेजारी दुकान असेलच.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेली की त्यांचे मांस खाऊन गिधाडे मरतात, हे सिद्ध झाल्यावर सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली त्या बाटल्याही बंद झाल्या, आता एका मात्रेची ३ मिलिलिटरची कुपीच मिळते. गिधाडांची काळजी घेतली, फार चांगले झाले, अल्लाहची मखलूक आहे. पण हमालाच्या वाट्याची काळजी आपल्याच बाजाराला घ्यावी लागणार आहे.

मग दुखले तर काय करायचे? साध्या दुखण्याला, तापाला पॅरासिटामॉल पोटाच्या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित आहे. मात्र तेही बेहिशेबी नको. जादा मात्रेने यकृत जाते, आणि ज्याला यकृताचा विकार आहे वा दारूचे व्यसन आहे त्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पावसाळ्यात जळगाव-धुळ्यात डेंग्यू येतो. त्या तापात प्लेटलेट्स आधीच घटलेल्या असतात, म्हणून अंग कितीही मोडून आले तरी ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांना हात लावू नये. आणि हे वाचून कोणी हृदयाची ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये, ही हात जोडून विनंती आहे. ज्याला झटका येऊन गेला आहे किंवा नळीत स्टेंट आहे, त्याची गोळी अचानक बंद केली तर दुसरा झटका येऊ शकतो. नाही ती गोष्ट वेगळी, की निरोगी माणूस शेजाऱ्याचे पाहून ॲस्पिरिन सुरू करतो. ७० वर्षांपुढील निरोगी लोकांत तसे केल्याने हृदयाचा फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले.

आमच्या दुकानात आम्ही काही फेरफार केले आहेत. गल्ल्यातले पाकीट गेले. नोकरांच्या हजेरी-रजिस्टरच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याला कायमची कोणती औषधे चालू आहेत ते लिहिले आहे, मराठीत आणि उर्दूत. हे पान भरताना कळले की आमच्या सात माणसांपैकी दोघे रक्त पातळ करणारी गोळी घेतात. एकाचे तर आम्हाला माहीतच नव्हते. कोणाला दुखले तर त्या दिवशी वजन उचलायचे नाही, पगार कापायचा नाही. दोन दिवसांत थांबले नाही तर सिव्हिलमध्ये किंवा ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवायचे आणि फी दुकानाने द्यायची. औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्यासाठी सरकारचा १८००-१८०-३०२४ हा फुकटचा फोन आहे, तो नंबरही गल्ल्याच्या झाकणावर आतून चिकटवला आहे. मार्केटमधील काही भावांनी यावर टिंगल केली. म्हणाले, हाजीसाहेबांनी दुकानात दवाखाना उघडला. दोघांनी मात्र पानाची नक्कल मागून नेली.

चाचा दोन महिन्यांनी परत आले. गुडघा तसाच आहे, त्यावर आता शेक, डॉक्टरांनी दाखवलेला व्यायाम आणि लागली तर पॅरासिटामॉल. गाठी उतरवायला आम्ही एक चाकांची ट्रॉली आणली. तिचा खर्च दवाखान्याच्या बिलाच्या दहाव्या भागाएवढाही झाला नाही. पंचवीस वर्षांत ती आणायचे आम्हाला सुचले नव्हते. चाचा तिच्यावर मुलांना बसू देत नाहीत, एवढीच काय ती दुकानात नवी तक्रार आहे.